'मी पडलो' आणि 'तो पडला' : साहसी व्हिडिओ गेमचे चित्रपटीय रूपांतर

(द्वितीय वर्ष कला)

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेणे याला आपण माध्यमांतर म्हणतो. आपल्याकडे त्याचा विचार होतो तो बहुधा कथा-कादंबरीचे नाटक किंवा चित्रपट होतो तेव्हा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांतून १९७९ साली 'सिंहासन' उभा राहिला. अशा रूपांतरात काय गाळले, काय वाढवले, शब्दांचे चित्र कसे झाले, याची चर्चा आपण वर्गात करतो. परंतु गेल्या तीस वर्षांत चित्रपटाला आणखी एक मूळस्रोत मिळाला आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेम. १९९३ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळावर इंग्रजी चित्रपट निघाला आणि तेव्हापासून ही वाट रुळत गेली. प्रस्तुत लेखात 'अनचार्टेड' या लोकप्रिय साहसी खेळाचा आणि त्यावरील २०२२ सालच्या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. त्याला माझे उत्तर असे की, आमच्या पिढीतील कित्येकांनी गोष्टी जितक्या वाचल्या त्याहून अधिक खेळल्या आहेत. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते, ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात आहे, अशा माझ्यासारख्यांना वाळवंट, समुद्र, बर्फाचे कडे आणि जुनी राज्ये यांची पहिली ओळख एखाद्या मित्राच्या घरच्या पडद्यावर झाली. जी गोष्ट आपल्या मनाची घडण करते, ती कशी रचली जाते हे तपासण्याचे साधन आपल्याजवळ असावयास नको काय? हा खेळ चांगला की वाईट हा प्रश्न येथे नाही. तो चित्रपट झाला तेव्हा त्यातील नेमके काय मागे राहिले, एवढाच प्रश्न आहे.

खेळाचे कूळ

'अनचार्टेड' ही मालिका अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील 'नॉटी डॉग' या संस्थेने तयार केली. पहिला खेळ २००७ साली प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी आला. पुढील भाग २००९, २०११ आणि २०१६ साली आले. २०१७ साली आणखी एक स्वतंत्र भाग निघाला. पहिल्या तीन भागांच्या कथेची सूत्रे एमी हेनिग या लेखिकेकडे होती. नायक नेथन ड्रेक. स्वतःला तो सोळाव्या शतकातील इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक याचा वारस म्हणवतो आणि हरवलेले खजिने शोधत फिरतो. त्याच्यासोबत सली नावाचा वयस्क, मिश्कील आणि पूर्णपणे विश्वासार्ह नसलेला जोडीदार असतो.

या नायकाचे कूळ शोधू गेल्यास आपण पुन्हा चित्रपटापाशीच येऊन पोहोचतो. रायडर हॅगार्ड यांच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स' या १८८५ सालच्या कादंबरीने खजिन्याच्या शोधकथेला लोकप्रिय घाट दिला. १९८१ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये टोपी आणि चाबूकवाला इंडियाना जोन्स आला. १९९६ साली इंग्लंडमधील डर्बी येथील 'कोअर डिझाइन' या संस्थेने 'टूम रेडर' हा खेळ काढला आणि लारा क्रॉफ्ट ही नायिका घरोघर पोहोचली. 'अनचार्टेड' या सर्वांचा वारसदार आहे. त्यातील धावत्या आगगाड्या, कोसळणारे पूल, चुरचुरीत संवाद हे सर्व चित्रपटाकडूनच घेतलेले आहे.

मग खेळाने स्वतःची अशी कोणती भर घातली? चित्रपटात जी उडी नायक मारत होता, ती आता खेळणाऱ्याने मारावयाची होती. खेळाची खरी मिळकत एवढीच, परंतु ती फार मोठी आहे. म्हणून अशा खेळाचा पुन्हा चित्रपट करताना एक अडचण उभी राहते. खेळाने घातलेली भर काढून घेतली तर हाती उरते ते चित्रपटाचेच जुने भांडवल. एखाद्याने उसने नेलेले दाणे पेरून पीक काढावे आणि आपण पीक त्याच्या शेतात सोडून केवळ आपले दाणे मोजून परत आणावेत, तसा हा व्यवहार होतो.

खेळाचे व्याकरण

ही भर नेमकी कशी ओळखावी? माझ्या मते आपली मराठी भाषाच त्याचा पुरावा देते. चित्रपट पाहताना नायक कड्यावरून घसरला तर आपण म्हणतो, 'अरे, तो पडला!' कादंबरी वाचतानाही असेच. 'श्यामची आई'मध्ये श्याम स्वतःची हकीकत 'मी' म्हणून सांगतो, तरीही वाचक पुस्तक मिटून सांगतो, 'श्याम रडला.' निवेदन प्रथमपुरुषी असले तरी आस्वाद तृतीयपुरुषीच राहतो. खेळात मात्र नेथन ड्रेक कड्यावरून खाली गेला की खेळणारा तोंडातून काढतो, 'मी पडलो!' गोळी लागली तर 'मी मेलो!' नेथन मेला असे कोणी म्हणत नाही.

याहून गमतीची गोष्ट लिंगाची आहे. २०१७ च्या भागात क्लोई फ्रेझर ही स्त्री मुख्य पात्र आहे. ती खेळणारी मुले 'मी पडले' असे म्हणत नाहीत, 'मी पडलो' असेच म्हणतात. उलट नेथन चालवणारी माझी मावसबहीण 'मी मेले गं!' असे ओरडते. इंग्रजीत हा भेद क्रियापदातून कळणार नाही, मराठीत तो लपत नाही. पडद्यावर पात्र कोणतेही असो, क्रियापद खेळणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे चालते. म्हणजे खेळणारा पात्राचे सोंग घेतो असे म्हणण्यापेक्षा पात्रालाच आपल्यात ओढून घेतो असे म्हणावे लागेल. भातुकली मांडणारी मुलगी 'मी आई' असे म्हणते, त्याच जातीचे हे 'मी' आहे. तिला कोणी प्रेक्षक लागत नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. वसतिगृहात यंत्र एक आणि मुले सहा असतात. एक जण खेळतो आणि पाच जण पाहतात. हे पाच जण प्रेक्षकच नव्हेत काय? आणि तरीही त्यांना रस वाटतोच की! गोष्ट खरी आहे. परंतु त्यांचे पाहणे चित्रपटगृहातल्यासारखे नसते. ते सूचना करतात, 'डावीकडची फळी धर' म्हणून ओरडतात, खेळणारा चुकला की 'आण इकडे, आता माझा डाव' म्हणतात. उडी जमेल की नाही हे त्या क्षणी खोलीत कोणालाच ठाऊक नसते. चित्रपटातील उडीचा निकाल मात्र संकलकाच्या खोलीत कधीच लागून गेलेला असतो आणि हे प्रेक्षकाला आतून माहीत असते.

आपल्या रसचर्चेत भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. रंगमंचावरील भाव 'माझा' किंवा 'त्याचा' असे राहत नाहीत. ते या बंधनांतून सुटतात आणि म्हणूनच आस्वाद्य होतात. खेळातील भीती मात्र पुष्कळ अंशी 'माझी'च असते. माझा डाव जाईल, पुन्हा पहिल्यापासून चढावे लागेल, ही ती भीती. चित्रपटकर्त्यापुढील काम त्यामुळे कठीण होते. त्याला 'मी' गमवावा लागणार हे ठरलेलेच आहे. त्या बदल्यात 'तो' इतका जवळचा करावयास हवा की, त्याचे पडणे आपल्याला लागावे.

चौदा वर्षांचा वनवास

'अनचार्टेड'वर चित्रपट काढण्याच्या हालचाली २००८ च्या सुमारास सुरू झाल्या. चित्रपट पडद्यावर आला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. या काळात डेव्हिड ओ. रसेल, नील बर्गर, सेथ गॉर्डन, शॉन लेव्ही, डॅन ट्रॅक्टनबर्ग आणि ट्रॅव्हिस नाइट असे सहा दिग्दर्शक आले नि गेले. सातवे रूबेन फ्लायशर यांनी तो पूर्ण केला. मार्क वॉलबर्ग या नटाचे नाव प्रारंभी, २०१० च्या सुमारास, नेथन ड्रेकच्या भूमिकेसाठी घेतले जात होते. चित्रपट तयार होईतो ते वयाने इतके पुढे गेले की त्यांच्या वाट्याला वयस्क सलीची भूमिका आली! नेथनची भूमिका टॉम हॉलंड या तरुण नटाने केली. मार्च २०२० मध्ये बर्लिन येथे चित्रीकरण सुरू व्हावयाचे आणि त्याच वेळी करोनाची साथ यावी, हाही योगच. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले. चित्रपटाने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले, तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने तो अपयशी मुळीच नव्हे.

इतके दिग्दर्शक का बदलले याची कारणे प्रत्येक वेळी निराळी असतील. परंतु मूळ खेळात 'चित्रपटासारखे' इतके तयार असताना पटकथा वर्षानुवर्षे अडते, यात काही अर्थ असावा. वरवर जे सोपे दिसते तेच येथे अवघड आहे.

एकच प्रसंग, दोन अर्थ

चित्रपटात खेळातून सर्वांत ठळकपणे उचललेला प्रसंग मालवाहू विमानाचा आहे. विमानाचा मागील दरवाजा उघडा आहे, दोरांनी एकमेकांना बांधलेली खोकी हवेत लोंबकळत आहेत आणि नायक त्यांवरून उड्या मारीत वर येऊ पाहत आहे. २०११ च्या तिसऱ्या भागातील हा प्रसंग दृश्याच्या दृष्टीने चित्रपटात उत्तम उतरला आहे. परंतु तो कोठून येतो आणि कोठे जातो, हे पाहिले की फरक कळतो.

खेळात हा प्रसंग कथेच्या उत्तरार्धात येतो. संकटात सापडलेल्या सलीला सोडविण्यासाठी नेथन त्या विमानात शिरलेला असतो. तोपर्यंत खेळणाऱ्याने कित्येक तास त्याच्यासोबत काढलेले असतात. विमान नष्ट होते, नेथन अरबस्तानातील रुब अल् खाली या विराण वाळवंटात उतरतो, आणि मग खेळ एक विलक्षण गोष्ट करतो. तो खेळणाऱ्याला करण्यासारखे काहीच ठेवत नाही. शत्रू नाही, उडी नाही, कोडे नाही. बोटाने दांडी पुढे दाबून धरावयाची आणि तहानेने खंगत जाणाऱ्या माणसाला चालवत राहावयाचे. विहीर दिसते ती कोरडी. पार्श्वभूमीवर एलियट यांच्या 'द वेस्ट लँड'मधील ओळी ऐकू येतात. इंग्रजी विभागातील मित्रांनी हे मुद्दाम पाहावे. मोठ्या पराक्रमानंतर आलेली ही असहायता खेळणाऱ्याच्या बोटांना जाणवते, कारण आतापर्यंत त्याच बोटांनी सारे काही जमवून आणलेले असते.

चित्रपटाने हाच प्रसंग अगदी आरंभी ठेवला आहे. नेथन शुद्धीवर येतो तो हवेत लोंबकळतच. तो कोण, येथे का आला, हे आपल्याला माहीत नाही. नंतर कथा मागे जाऊन बॉस्टनमधील त्याच्या अनाथ बालपणाकडे वळते. ही युक्तीसुद्धा खेळातलीच आहे. २००९ च्या दुसऱ्या भागाचा आरंभ असाच होतो. जखमी नेथन हिमालयातील कड्यावर लोंबकळणाऱ्या आगगाडीच्या डब्यात शुद्धीवर येतो. परंतु तेथे पुढच्याच क्षणी चढावयाचे असते ते आपल्याला. नायकाची ओळख नसली तरी चालते, कारण आपली स्वतःशी ओळख असतेच. चित्रपटात ती सोय नाही. अनोळखी माणूस हवेत लोंबकळतो आहे आणि आपण खुर्चीत बसलो आहोत. पुढे कथा या प्रसंगापाशी पुन्हा येते तेव्हाही विमानातून पडलेले नेथन आणि क्लोई समुद्रात उतरतात आणि थोड्याच वेळात पर्यटकांच्या किनाऱ्यावर पोहोचतात. तेथे खेळात नेथनला आवाज देणारे नट नोलन नॉर्थ आरामात पहुडलेले भेटतात आणि आपल्यालाही एकदा असेच झाले होते, अशा अर्थाचे काही बोलतात. जाणकार हसतात. विनोद चांगला आहे. पण वाळवंट गेले ते गेलेच. त्या जागी आला तो ओळखीचा नमस्कार.

पर्याय कोठे दिसतो?

मग असे रूपांतर अशक्यच मानावे काय? मला तसे वाटत नाही. दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले 'टूम रेडर'चे. २०१३ साली या खेळाची कथा नव्याने लिहिली गेली आणि २०१८ साली रोअर उथाउग या नॉर्वेजियन दिग्दर्शकाने तिच्या आधारे चित्रपट काढला. लाराची भूमिका अ‍ॅलिशिया विकँडर यांनी केली. चित्रपट सर्वांगसुंदर आहे असे नव्हे, परंतु त्यात एक गोष्ट साधली आहे. लारा पडते तेव्हा तिला लागते. धबधब्याच्या तोंडावर अडकलेल्या गंजक्या विमानातून ती निसटते, ती पोटात घुसलेला तुकडा घेऊनच. तिचे कण्हणे, हात निसटणे, दम लागणे यांना दिग्दर्शक वेळ देतो. पुढे एका माणसाला ती चिखलपाण्यात बुडवून मारते आणि आपण काय केले हे कळून हादरते. खेळातही पहिल्या हत्येचा प्रसंग आहे, परंतु त्यानंतर थोड्याच वेळात खेळणाऱ्याला माणसांमागून माणसे मारीत सुटावे लागते. येथे चित्रपट खेळापेक्षा अधिक प्रामाणिक ठरला. खेळणाऱ्याच्या वीस प्रयत्नांचे श्रम त्याने नटीच्या एका शरीरात आणले.

दुसरे उदाहरण 'द लास्ट ऑफ अस'चे. हा २०१३ सालचा खेळही 'नॉटी डॉग'चाच. २०२३ साली त्यावर चित्रपट नव्हे, तर दूरचित्रवाणी मालिका आली. क्रेग मेझिन यांच्यासह खेळाचे लेखक नील ड्रकमन यांनीच ती घडवली. खेळात बिल नावाचा एक तिरसट माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला दिसतो तो मृतावस्थेत, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून गेलेला. मालिकेच्या तिसऱ्या भागात मात्र या दोघांच्या दीर्घ सहजीवनाची जवळजवळ संपूर्ण भागभर चालणारी कथा सांगितली आहे. ते भाजी पिकवतात, भांडतात, म्हातारे होतात. यात खेळण्यासारखे काहीच नाही, आणि म्हणूनच खेळात ते आले नसते. खेळाने नाइलाजाने अंधारात ठेवलेला कोपरा रूपांतरकाराने उजळला. केवळ 'मी' काढून घेऊन तो थांबला नाही, त्या जागी 'ते दोघे' त्याने आणून बसवले.

नकाशा आणि माणसे

साहसकथेत नकाशा लागतोच, पण नकाशावर माणसेही राहतात. 'अनचार्टेड' चित्रपटातील खजिना मॅगेलनच्या सफरीतला कल्पिला आहे. १५१९ साली स्पेनहून निघालेला मॅगेलन १५२१ साली फिलिपाईन्समधील मक्तान येथे स्थानिक लोकांशी झालेल्या लढाईत मारला गेला. चित्रपटाचा शेवट त्याच द्वीपसमूहात होतो, तरी मुख्य पात्रांत तेथील एकही माणूस नाही. आणि योगायोग असा की, चित्रपटात क्षणभर दिसणाऱ्या एका नकाशावर दक्षिण चीन समुद्रातील वादग्रस्त चिनी सीमारेषा होती. त्यावरून २०२२ साली व्हिएतनामने चित्रपटास बंदी केली आणि फिलिपाईन्सच्या शासनानेही त्या दृश्यास हरकत घेतली. आपल्याला हे दूरचे वाटू नये. २०१७ च्या भागाची कथा भारताच्या पश्चिम घाटात, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत, होयसळांच्या काल्पनिक अवशेषांमध्ये घडते आणि गणेशाच्या दाताचा तेथे शोध चालतो. खेळताना आपण 'मी' असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या देवळात शिरणारेही आपणच असतो. चित्रपटाने दिलेले अंतर येथे उपकारक ठरू शकले असते. 'तो' जे उचलून नेतो ते कोणाचे, हा प्रश्न खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारता येतो. 'अनचार्टेड' चित्रपटाने ती संधी घेतली नाही.

समारोप

सारांश, साहसी व्हिडिओ गेमचे चित्रपटीय रूपांतर हा केवळ प्रसंग आणि वेशभूषा उचलण्याचा प्रश्न नाही. कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा 'तो' हा 'तो'च राहतो. खेळाचा चित्रपट होतो तेव्हा पुरुष बदलतो. 'मी पडलो' याचे 'तो पडला' होते. हा बदल टाळता येत नाही, परंतु त्याची किंमत भरून काढता येते. कधी शरीराच्या वेदनेने, कधी खेळाने न सांगितलेल्या आयुष्याने, तर कधी खेळणाऱ्याला न पडलेल्या प्रश्नाने ती भरून निघते. जेथे ही भरपाई होत नाही, तेथे पडद्यावर खोकी उडतात, जहाजे हवेत तरंगतात, आणि प्रेक्षक बाहेर येऊन 'छान होता' एवढेच म्हणतो.

मराठीतही उद्या असे खेळ तयार होतील आणि त्यांवर चित्रपटही निघतील. आट्यापाट्यांपासून गडकोटांपर्यंत विषयांची वाण आपल्याकडे नाही. त्या वेळी पटकथा लिहिणारा कदाचित आपल्यातीलच कोणी असेल. त्याने लेखणी उचलण्यापूर्वी खेळणाऱ्या मुलांच्या मागे बसून ती पडताना काय ओरडतात, ते एकदा नीट ऐकावे, एवढीच विनंती.